मिसाइल, चाळीस नग

परभणी जिल्ह्यातून आजवर कापूस बाहेर गेला, सोयाबीन गेलं, शिकलेली पोरं पुण्याला गेली. पण मिसाइल परदेशी पाठवायचा मान फक्त सिद्धोधन वाव्हळेचा! हे त्यानं स्वतःच पिंगळी स्टेशनसमोरच्या हॉटेलात, सगळ्या बाकड्यांना ऐकू जाईल अशा बेतानं जाहीर केलं.

"लिहून ठेवा! या महिन्यात आपलं मिसाइल आफ्रिकेला जायलाय!"

कोणी दचकलं नाही. मिसाइल म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं फवारणीचं यंत्र, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सिद्धोधनचा परभणीच्या एमआयडीसीत छोटा कारखाना. यंत्र तो बनवायचा आणि खपवायचं काम त्याच्या भागीदाराचं, पेडगावच्या बालाजीचं. सुरुवातीला सिद्धोधननं यंत्राचं नाव 'सुलभ' ठेवलं होतं. लोक नाव वाचायचे, त्यांना बसस्टँडमागचं शौचालय आठवायचं आणि ते नाकाला रुमाल लावून पुढं जायचे. मग बालाजी चिडला.

"शेतकऱ्याला अळी मारायची असती, दादा. तिची समजूत काढायची नसती!"

'मिसाइल' हे नाव त्याचं. आणि यंत्र खरंच सुटलं! सेलूपासून जिंतूरपर्यंत विकलं गेलं. पुण्याच्या प्रदर्शनात तर नैरोबीकडच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या एका सोसायटीनं ते बघितलं आणि चाळीस यंत्रं मागवली. सिद्धोधनची बायको धम्मशीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती म्हणाली, "परदेशी माल पाठवायचे नियम असतील. कोणाला तरी विचारा आधी."

"नियम काय असायचेत? माल भरायचा, कागद भरायचा, हात हलवून टाटा करायचं!"

कागद बालाजीनं भरले. मालाचं वर्णन: मिसाइल, चाळीस नग. सुटे भाग, म्हणजे औषध बाहेर पडतं ती तोंडं: मिसाइल नोझल, चारशे नग. उपयोगाच्या रकान्यात काय लिहावं ते त्याला सुचेना, म्हणून त्यानं आपल्या जाहिरातीतल्या ओळी उचलल्या आणि मोबाइलकडून त्यांचं इंग्रजी करून घेतलं. मूळ मराठी अशी होती: 'एका फेरीत पाच एकर साफ! शत्रू कुठंही लपो, जिवंत सुटणार नाही!' मराठीत हा शत्रू म्हणजे बोंडअळी. इंग्रजीत गेल्यावर तो माणसासारखा दिसायला लागला.

कंटेनर न्हावाशेवा बंदराला पोचला आणि तिथंच बसला. मुंबईच्या एजंटाचा फोन आला.

"वाव्हळेसाहेब, तुमचा माल अडवलाय."

"काहून?"

"तुम्ही मिसाइल पाठवताय?"

"हो तर! चाळीस! आणखी पायजे असले तर आठ दिवसांत देतो."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"साहेब, इथं पाच एकर असं लिहिलंय..."

"ते बालाजीनं कमीच लिहिलं. चालवणारा हुशार असला तर सात एकर साफ करतंय!"

एजंटानं फोन ठेवला. सिद्धोधनला वाटलं, रेंज गेली.

दोन दिवसांनी पिंगळीत एक पांढरी गाडी आली. गाडीत निकिता मॅडम नावाच्या सरकारी अधिकारी होत्या. परदेशी जाणाऱ्या मालातून कोणाच्या हाती शस्त्रं तर पडत नाहीत ना, यावर नजर ठेवणं हे त्यांचं काम. बरोबर एक इंजिनिअर होता. तो काहीच बोलत नव्हता, नुसता मान हलवत होता. कारखान्याचा नोंदलेला पत्ता सिद्धोधनच्या घरचा होता. त्यांनी हॉटेलात विचारलं, "वाव्हळ्यांचं घर कुठं?"

"कोण, मिसाइलवाले? सरळ जा. निळं गेट."

लपवाछपवी म्हणून नाहीच! इंजिनिअरनं मान हलवली.

घरी सिद्धोधनची आई केशरबाई एकटीच तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. लेकाचं कौतुक करायला माणूस मिळालं की ती शेंगा बाजूला ठेवायची. तशा तिनं ठेवल्या.

"आजी, मिसाइल तुमचा मुलगा बनवतो?"

"तर! येकटा. कुणाची मदत न्हाई."

"आतापर्यंत कुठं वापरलं?"

"कुठं न्हाई ते इचारा! मानवतला, सेलूला... देवगाव फाट्याला तर सकाळी चालवलं अन् दुपारपतूर सगळे मुडदे!"

मॅडमनी पेन उघडलं. "किती मेले असतील?"

"आता मोजायला कोण बसतंय, माय? लाखानं मेले! झाडाखाली निसता सडा!"

"आणि हे सगळं तुम्हाला... चालतं?"

"न चालायला काय झालं? बारकी बारकी असतानाच मारलेली बरी. मोठी झाल्यावर आवरत न्हाईत."

इंजिनिअरची मान हलायची थांबली. तेवढ्यात धम्मशीला शाळेतून आली. तिनं सासूचं शेवटचं वाक्य ऐकलं, मॅडमचा चेहरा बघितला आणि आत जाऊन नवऱ्याला फोन लावला.

"घरी पोलीस न्हाईत, पण पोलिसांसारखे प्रश्न विचारायलेत. आईनी तुमाला जवळजवळ फाशी दिलीय. लवकर या!"

सगळी वरात कारखान्यात गेली. सिद्धोधन आता पुरता घाबरला होता. सिद्धोधन घाबरला की जास्त बोलायचा, आणि बालाजी घाबरला की काहीतरी चालू करायचा. सिद्धोधन "मॅडम, हे बघा, यात स्फोटक काय न्हाई, निसतं औषध असतंय" असं सांगत असताना बालाजीनं प्रात्यक्षिकासाठी ट्रॅक्टर चालू केला. टाकीत पाणी आहे अशी त्याची समजूत होती. टाकीत होता दशपर्णी अर्क. कडुलिंबाचा पाला, रुईचा पाला आणि असले दहा पाले गोमूत्रात महिनाभर कुजवून करतात तो! वरची नळी नीट आवळली नव्हती. ती फट्कन सुटली, नागासारखी हवेत डोलली आणि मॅडमच्या अंगावर, डोक्यापासून चपलेपर्यंत, एका फेरीत साफ फवारणी झाली!

बालाजीनं ट्रॅक्टर बंद केला. कोणी श्वास घेतला नाही. काहींनी भीतीनं, काहींनी वासानं.

धम्मशीलानं पुढं होऊन टॉवेल दिला. मॅडमनी तोंड पुसलं, चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाल्या, "हे मिसाइल नाही, असं मी लिहून देते."

सिद्धोधनच्या जिवात जीव आला. मॅडम मात्र रागावल्या नव्हत्या, हसल्याही नव्हत्या. त्यांनी सरळ समजावून सांगितलं. रॉकेटाचं नोझल हा जगभर बंधनातला माल. मोठ्या टाकीची, आपोआप उडणारी फवारणी यंत्रंसुद्धा बंधनात, कारण औषधाच्या जागी कोणी काय भरेल सांगता येत नाही. तुमचं यंत्र ट्रॅक्टरमागं जमिनीवर चालतं, त्याला अडचण नाही. कागद नीट लिहा, 'शेतीचं फवारणी यंत्र' म्हणा, माल जाईल.

"तेवढंच ना! चहा सांग रे, बालाजी!"

चहा येईपर्यंत मॅडमची नजर कोपऱ्यातल्या खोक्यांवर गेली. "हे काय?"

आता सिद्धोधनची छाती पुन्हा फुगली. "हे आपलं खरं लेकरू, मॅडम! नुसता पंप. आत दोन सीलं, अन् औषधाला लागतो तो सगळा भाग टेफ्लॉनचा. तेजाब घाला, थेंब गळणार न्हाई!"

हा पंप त्यानं उगाच केला नव्हता. त्याचा बाप किशनराव मजुरीनं दुसऱ्याच्या कापसावर फवारणी करायचा. एकदा पाठीवरचा पंप गळला, औषध सदऱ्यातून कातडीत उतरलं आणि किशनरावाला बैलगाडीत घालून दवाखान्यात न्यावं लागलं. जगला, पण नंतर त्याच्या हाताला कंप राहिला तो कायमचा. भाकरीचा तुकडासुद्धा तोंडाशी जाईपर्यंत दोनदा पडायचा. तेव्हापासून सिद्धोधनच्या डोक्यात एकच: गळणार नाही असा पंप!

"हा कोणाला चाललाय?" मॅडमनी विचारलं.

"आखाताकडचं एक गिऱ्हाईक हाय. आपली वेबसाइट बघून आलं. असं गिऱ्हाईक नशिबानं मिळतं, मॅडम! टाकी नको, नोझल नको, वॉरंटी नको. पंपावर आमचं नावबी नको म्हणाला."

"कशासाठी हवेत?"

"खजुराच्या बागेला."

"नोझल नाही, तर खजुरावर फवारणार कशानं?"

सिद्धोधन खोक्याची पट्टी ओढून बघायला लागला. हा प्रश्न त्याला पडला नव्हता असं नाही. पडला होता, पण त्यानं तो मुद्दाम उचलला नव्हता.

"माल बागेत पोचवायचाय का?"

"न्हाई... बंदरावरच्या गोदामात."

इंजिनिअर पहिल्यांदाच बोलला. "थेंबही न गळणारा, तेजाबाला न झिजणारा पंप कीटकनाशकाला लागतो. विषारी वायू बनवणाऱ्यालाही हाच लागतो. त्यालाही स्वतः मरायचं नसतं."

चहा आला. कोणी घेतला नाही.

मॅडम म्हणाल्या, "तुमचं गिऱ्हाईक वाईट आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. पण तुम्हालाही माहीत नाही. असल्या पंपाला दिल्लीचा परवाना लागतो, आणि शेवटी तो कोण वापरणार हे विकणाऱ्यानं विचारायचं असतं. विचारा. मग मला कळवा." एवढं बोलून त्या गाडीत बसल्या. ड्रायव्हरनं चारही काचा खाली केल्या.

गाडी गेल्यावर बालाजीला कंठ फुटला. "दादा, हे वर्षभराचं काम हाय! आपण न्हाई दिलं तर दुसरा कुणीतरी देईल."

"देऊ दे."

"अरे, तुला काय मालूम तो खरंच खजूरवाला असला तर?"

"मग सांगंल की नाव-गाव. खजुराला लाजायचं काय कारण?"

सिद्धोधननं ईमेलनं पत्र पाठवलं: पंप कोण वापरणार, कुठं, कशाला? बागेचा पत्ता द्या, आमचं सरकार चौकशी करील. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. केशरबाईनं कारण विचारलं तेव्हा त्यानं सांगून टाकलं. तिनं शेंगांची टोपली बाजूला सारली. मग म्हणाली, "तुझ्या बापाला औषध चुकून लागलं, तर एवढं झालं. मुद्दाम लावणारे असतेत का रं?"

"असतेत, आई."

"मंग नको देऊ."

उत्तर दुसऱ्या दिवशीच आलं. बागेचा पत्ता त्यात नव्हता. होती ती सूचना: चौकशी कशाला? कागदावर 'पाण्याचे पंप' असं लिहा, माल दोन भागांत करा, दोन वेगळ्या देशांतून फिरवून पाठवा, आणि तेवढ्याचा जास्तीचा भाव घ्या.

बालाजीनं ते दोनदा वाचलं.

"दादा, मी साध्या यंत्राचं नाव मोठं लिहिलं म्हणून आपण अडकलो. ह्यो मोठ्या वस्तूचं नाव बारकं लिहायला सांगायलाय!"

"कळलं ना?"

"कळलं. हे पत्र आधी मॅडमला दाखव."

सिद्धोधननं ते पत्र मॅडमकडं पाठवलं. गिऱ्हाइकाला नकार कळवला, तर तो परत आला. तसा पत्ताच आता अस्तित्वात नव्हता. काही दिवसांनी मॅडमचा फोन आला. त्या गोदामाच्या जागी एक बंद दुकान निघालं होतं. पुढचं सांगता येणार नाही, पण तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, इतकंच त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "तो वास अजून गेलेला नाही."

नैरोबीची यंत्रं सरळ कागदांवर, सरळ नावानं गेली. तिकडून कोबीच्या हिरव्यागार रानाचे फोटोही आले. वर्षभराचं मोठं काम हातचं गेलं, त्या वर्षी कारखान्याला नवं लेथ मशीन आलं नाही. पण सिद्धोधनला झोप लागायला लागली.

झोपेबरोबर त्याला एक सवयही लागली. पंधरा दिवसांपूर्वी पेडगावचे व्यंकटराव कारखान्यात आले. कापसात उभं आयुष्य काढलेला सरळ माणूस.

"सिद्धोधन, तो न गळणारा पंप दे बाबा एक."

"कशाला पायजे?"

व्यंकटराव बुचकळ्यात पडले. "फवारायला."

"काय फवारणार? कुठं? कोण फवारणार?"

"आता हे काय काढलंस? सासऱ्याला द्यायचाय. जिंतूरला."

सिद्धोधन ताडकन उठला. "म्हंजी वापरणारे तुमी न्हाई! माल इथून पेडगावला, अन् तिथून पुढं तिसऱ्याला! तुमचे सासरे कोण? त्यांचा पत्ता? त्यांनी पुढं आणखी कोणाला दिला तर जिम्मेदारी कोणाची?"

व्यंकटरावांनी त्याच्याकडं, मग बालाजीकडं बघितलं. बालाजीनं कपाळाला हात लावला होता. व्यंकटराव उठले, गाडीला किक मारली आणि समोरच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीचा पंप घेऊन जिंतूरच्या रस्त्याला लागले.

तो पंप गळतो. हकीकत कळल्यापासून सासरे रोज तक्रारीला फोन करतात. व्यंकटरावांना नाही, सिद्धोधनला!