भंगारातून आलेली साक्ष

सासऱ्यांनी जेवणाच्या टेबलावरची ताटं उचलायला लावली आणि रिकाम्या जागेवर एक काळपट, पत्र्याचा डबा आणून ठेवला. आकार वहीएवढा आणि एका कडेला बारीक पिनांची रांग.

"हा आपल्या गाडीचा मेंदू," ते मुलीला म्हणाले. "ईसीएम म्हणतात ह्याला. धडकेच्या वेळी वेग किती होता, ब्रेक दाबला की नाही, सगळं ह्यात नोंदलेलं असतं. भंगारवाल्याकडून काढून आणलाय. तुझ्या नवऱ्याला सांग, आता दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी होईल."

नवरा हाताच्या अंतरावरच उभा होता. पण गेला महिनाभर सासरे जावयाशी थेट बोलत नव्हते. मीठ हवं असलं तरी ती मागणी मुलीमार्फत जायची, आणि मीठही मुलीमार्फत यायचं.

झालं होतं असं. सासऱ्यांनी नऊ वर्षं तळहाताच्या फोडासारखी जपलेली गाडी जावई घेऊन गेला आणि गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानातल्या खांबाला ठोकून परत आला. म्हणजे तो परत आला, गाडी आली नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर गेला आणि ती थेट भंगारात पोचली. "चाळीसच्या वेगात होतो, कुत्रं आडवं आलं," जावयाचं आपलं एकच पालुपद.

"तीन एकराचं मैदान!" सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "त्यात खांब एक! आणि ह्या पठ्ठ्याला नेमका तोच सापडला?" त्यांची सगळी नोकरी दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासण्यात गेली होती. माणूस खोटं बोलतो, यंत्र बोलत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं.

खरं काय ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर बिचाऱ्या जावयाबद्दल उगाच गैरसमज व्हायचा. गाडी सासूबाई चालवत होत्या. तीस वर्षं त्या नवऱ्याला म्हणत होत्या, मला शिकवा. तीस वर्षं उत्तर येत होतं, "तुला काय नडलंय?" शेवटी साठी उलटल्यावर त्यांनी जावयाला पकडलं. दर गुरुवारी भाजी आणायच्या नावाखाली शिकवणी सुरू झाली. पाचव्या गुरुवारी ब्रेकऐवजी दुसरंच काहीतरी दाबलं गेलं. "ह्यांना कळलं तर मला जन्मात पुन्हा स्टिअरिंगला हात लावू द्यायचे नाहीत हो," त्या तिथेच रडायला लागल्या. आणि जावयाने शब्द दिला, मेलो तरी सांगणार नाही.

आता तो शब्द त्या डब्यात अडकला होता.

गाडीचा इलेक्ट्रिशियन लॅपटॉप, तारांचं भेंडोळं आणि कामाचा प्रचंड उत्साह घेऊन हजर झाला. "ह्याला आधी बारा व्होल्ट द्यायचे," तो पिना मोजत म्हणाला. "वीज मिळाल्याशिवाय हा तोंड उघडत नाही."

"आधी टेबल पुसून घेते," असं म्हणत सासूबाई आल्या आणि पाण्याचा अख्खा तांब्या डब्यावर उपडा झाला. "अगंबाई! हात थरथरतात हल्ली."

"काही हरकत नाही काकू," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "ह्याला पाण्याची सवय असते. केस वाळवायचं यंत्र आहे का घरात?"

मुलीने ते तत्परतेने आणून दिलं. तिला बिचारीला काय माहीत! डबा वाळत होता आणि सासूबाई डोळ्यांनी जावयाला खुणावत होत्या. जावई पाणी प्यायला म्हणून आत गेला आणि घरातली वीज गेली.

"मेन स्विच पडला वाटतं," तो आतूनच ओरडला. "मी बघतो. वेळ लागेल!"

"तुझ्या नवऱ्याला म्हणावं, सावकाश बघ," सासरे थंडपणे म्हणाले. "मी स्कूटरची बॅटरी काढून आणतो. ती बारा व्होल्टचीच असते."

स्कूटरची बॅटरी आली. तारा जोडल्या. लॅपटॉपवर आकड्यांच्या रांगा सरकायला लागल्या. जावई बाहेर येऊन भिंतीला टेकला. सासूबाईंनी पदराचं टोक चावायला घेतलं.

"मिळालं!" इलेक्ट्रिशियन म्हणाला. "धडकेच्या वेळी ब्रेक... नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. वेग ताशी एकशे बत्तीस."

"एकशे बत्तीस!" सासरे ताडकन उठले. "मैदानात! विचार तुझ्या नवऱ्याला, विमान उडवायचं होतं का?"

"आणि ह्याच हातांनी तुम्ही पोरांना शाळेत सोडता?" मुलगी नवऱ्यावर चिरकली.

जावयाला काही कळेना. पण शब्द म्हणजे शब्द. त्याने मान खाली घातली. "हो, बाबा. एकशे बत्तीस. चुकलो मी. भरकन गेली जराशी."

"काहीतरीच काय!" सासूबाई कडाडल्या. "एकशे बत्तीस म्हणे! अहो, दुसऱ्या गिअरच्या वर मी गाडी नेलीच नव्हती!"

केस वाळवायचं यंत्र मुलीच्या हातातून खाली पडलं. सासरे उठले होते तसेच परत खुर्चीत बसले.

"तू?"

"मी. पाच गुरुवार. आणि ह्या पोराने महिनाभर माझ्यासाठी तुमची बोलणी खाल्ली. आता आणखी खाऊ देणार नाही मी. पण एकशे बत्तीस मुळीच नाही हं!"

"यंत्र खोटं बोलत नाही," सासरे पुटपुटले, आणि घाईघाईने भंगारवाल्याला फोन लावला. त्याचा आवाज फोनबाहेर खणखणीत ऐकू आला.

"तुमच्या गाडीचा कसा देईन साहेब? त्याचा कोपरा फुटला होता. तुम्ही वीस वर्षं माझा काटा तपासलात, एक कप चहा घेतला नाहीत. तुमच्यासारख्या माणसाला फुटका माल देऊ? दुसऱ्या गाडीचा एक नंबर पीस काढून दिलाय. चालतोय ना?"

"चालतोय," सासरे क्षीण आवाजात म्हणाले.

"मग! तुमचा फुटकाही आहे इथेच, कोपऱ्यात पडलाय."

"तो आणा," इलेक्ट्रिशियनला हुरूप आला. "कोपरा फुटला म्हणून काही बिघडत नाही. ह्या मॉडेलमध्ये मागच्या तीन-चार धडकाही निघतात."

"मागच्या?" सासऱ्यांनी फोन ठेवला. "म्हणजे किती मागच्या?"

सासूबाई नवऱ्याकडे वळल्या. "अहो, दोन वर्षांपूर्वी बाजारात आपल्या उभ्या गाडीला कोणीतरी ठोकून पळाला, म्हणाला होतात ना तुम्ही? तेही निघेल?"

"उभी असेल तर वेग शून्य दिसेल, काकू. चालती असेल तर तसं दिसेल."

खोलीत सगळे सासऱ्यांकडे बघायला लागले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खोकले. "जाऊ दे ना आता. घरातल्या माणसाच्या शब्दापुढे त्या पत्र्याच्या डब्याचं काय एवढं!" आणि महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांनी भिंतीपाशी बघितलं. "जावईबापू, उभे का तुम्ही? बसा ना."

"ते बसतील," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चपला घालूनही टाकल्या होत्या. "तुम्ही उठा. भंगारवाल्याकडे जायचंय. माझा वेग किती होता ते मला कागदावर हवं."