प्रिचेट वकिलांचे जन्मस्थळ

माणसाने कुठे जन्मावे हे त्याच्या हातात नसते. तो कुठे जन्मला होता हे मात्र पक्षसमितीच्या हातात असते. ओहायोतल्या आमच्या बीचफर्ड गावच्या समितीचा मी चिटणीस, म्हणून हे अधिकाराने सांगतो.

आमचे उमेदवार लायसँडर प्रिचेट. नामांकित वकील, आवाज खणखणीत, दोष एकच: जन्म दुमजली विटांच्या घरातला. ओंडक्यांच्या झोपडीत न जन्मलेल्या माणसाला आमच्याकडे कोणी भटकी गुरे कोंडायचे कामही देत नाही, मग देशाच्या संसदेतली, म्हणजे काँग्रेसमधली, जागा कोण देणार? प्रतिस्पर्ध्याची झोपडी तर गळकीसुद्धा होती.

समितीने सगळा मुलूख पालथा घातला. एकेचाळीस झोपड्यांपैकी अडतीस आधीच कुणाकुणाची जन्मस्थळे झालेल्या (एकीत तीन न्यायाधीश आणि एक गव्हर्नर जन्मले होते, पैकी दोघे एकाच दिवशी). दोन कोसळलेल्या. उरली टॅबिथाकाकूंची. तीत स्वतः टॅबिथाकाकू राहत होत्या, ही किरकोळ अडचण.

प्रिचेटांनी दावा लावला: सदर वास्तू राष्ट्राची असून तीत चूल पेटवणे हा राष्ट्राचा अवमान आहे. त्यांचा जन्म प्रत्यक्ष पाहिलेले अकरा साक्षीदार उभे राहिले. त्यांतले सहा त्यांच्याहून लहान. काकूंच्या बाजूने एकच साक्ष झाली, ती प्रिचेटांच्या आईची.

"अरे लायसँडर, विटांच्याच घरात झालास तू. मी होते ना तिथं."

"आई, त्या वेळी तुझं चित्त ठिकाणावर होतं का?"

"कसं असेल? तू जन्मत होतास की."

साक्षीदाराचे चित्त ठिकाणावर नव्हते, असे नोंदवून न्यायाधीशांनी (झोपडीत जन्मलेले) साक्ष फेटाळली आणि झोपडी राष्ट्राची ठरवली.

"मग मी जाऊ कुठं?" काकूंनी विचारले. "तेहतीस वर्षं झाली मला त्या घरात."

"जाताय कशाला, काकू? रोज झाडायला या की," प्रिचेट जिव्हाळ्याने म्हणाले. मला लाज वाटली. पण ठरावात ती नोंदवायची सोय नसते.

प्रिचेट निवडून आले. झोपडीचे स्मारक झाले आणि तीत त्यांचा पाळणाही मांडला गेला. काकू आता मागच्या डुकरांच्या खोपटात राहतात, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "तो पाळणा नव्हे रे बाबांनो, माझ्या डुकरांना खायला घालायची डोणी आहे ती. आणि घर माझं आहे."

पाहुण्यांना हा गावरान विनोद फार आवडतो. परवा तुम्हीही ऐकलात, पोट धरून हसलात, मग टोपी काढून डोणीपुढे उभे राहिलात आणि डोळे टिपलेत. वहीतला तुमचा अभिप्राय मी वाचला. ‘सत्य डोळ्यांनी पाहून गहिवरलो,’ असे लिहिले आहे तुम्ही.