काळा सूट धुवायला जातो

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी लेओपोल्ड कोफ्लरने, म्हणजे पोल्डीने, अर्धवट उकडलेल्या अंड्यावर चमचा हाणला आणि आतला बलक उडून त्याच्या काळ्या पँटवर, बरोबर डाव्या मांडीवर जाऊन बसला. भावाचं दफन साडेदहाला होतं.

पोल्डीने आधी रुमालाने बलक पुसला. बलक पसरला. मग रुमाल पाण्यात बुडवून पुसला. तेव्हा तो आणखी पसरला आणि वर रुमालाचे पांढरे धागे चिकटले. 'राखी बगळा' हॉटेलच्या त्या भोजनगृहात गेली शंभर वर्षं लोक अंडी खात आले होते; भिंतीवरच्या शिंगवाल्या हरणांनी तसले अपघात बरेच पाहिले असतील. पण पोल्डीकडे पँट एकच होती. एका रात्रीचा तर प्रश्न, बॅग कशाला वाहायची, म्हणून तो गावाहून सूट अंगावर घालूनच गाडीत बसला होता. सामानात दात घासायचा ब्रश, पायजमा आणि जाडजूड ओव्हरकोट, बस्स.

"द्या इकडे, वीस मिनिटांत स्वच्छ करून देते," काउंटरवरच्या व्होंड्राकबाई म्हणाल्या. त्या पंचवीस वर्षं तिथे होत्या आणि पाहुण्यांच्या पँटींना सरावल्या होत्या. "आणि कोटही द्या. पाठीवर गाडीच्या सीटची घडी पडलीय. मातीला जाताना असं बरं दिसत नाही."

पोल्डीने खोलीत जाऊन सूट उतरवला, दाराच्या फटीतून बाहेर दिला आणि पायजम्यात पलंगावर बसून राहिला. बसल्या बसल्या भाषण मनात घोळवावं म्हणून त्याने आठवायला सुरुवात केली, आणि त्याच्या लक्षात आलं की भाषणाचा कागद कोटाच्या आतल्या खिशात आहे. असू दे. वीस मिनिटांचा प्रश्न.

ते भाषण लिहायला त्याला चार दिवस लागले होते. एगोनशी तो नऊ वर्षं बोलला नव्हता. आईच्या शेवटच्या तीन वर्षांत तिला भरवणं, पुसणं, रात्री कुशीवर वळवणं सगळं पोल्डीने केलं होतं. एगोन इथे ग्राट्समध्ये चष्म्याचं दुकान चालवायचा आणि महिन्यातून एका रविवारी केक घेऊन यायचा. आणि आईच्या मातीच्या दिवशी हाच एगोन सगळ्या गावासमोर उभा राहून म्हणाला, "आम्ही दोघांनी आईला सांभाळलं." आम्ही दोघांनी! पोल्डीने त्या दिवसापासून तोंड बंद केलं. आता एगोनच गेला होता. त्याची बायको रोझविता हिच्याशी त्याने सहा वर्षांपूर्वी लग्न केलं, त्यामुळे पोल्डीने तिला कधी पाहिलंही नव्हतं. तिने पत्र पाठवलं होतं: खोली राखून ठेवली आहे, या, कबरीपाशी चार शब्द बोला. पोल्डीने चार चांगले शब्द लिहिले होते आणि त्यांच्या मधोमध एक वाक्य पेरलं होतं: 'आईला मी एकट्याने सांभाळलं, याची इथे नोंद करतो.'

पावणेनऊ झाले. नऊ झाले. नऊ वाजून पाच मिनिटांनी व्होंड्राकबाई दारात आल्या, आणि त्यांचा चेहरा पाहून पोल्डीला आपलंच कोणीतरी गेल्यासारखं वाटलं. तसं गेलंही होतं, पण हे वेगळं.

"साहेब, जरा गोंधळ झालाय. खोल्या आवरणाऱ्या यास्नाने तुमचा सूट चादरींच्या गाडीवर अडकवला होता. मिनिटभरच हो. तेवढ्यात धुलाईवाला आला आणि गाडीच ढकलत घेऊन गेला."

"मग फोन करा त्याला!"

"केला."

"मग?"

"टाकला त्यांनी मशीनमध्ये. टेबलक्लॉथांबरोबर." व्होंड्राकबाईंनी आवाज खाली आणला. "साठ अंशांवर."

पोल्डी पलंगाच्या कडेवर बसला. लोकरीचा सूट साठ अंशांच्या पाण्यातून निघाला म्हणजे तो कोणत्या मापाच्या माणसाला बसतो हे त्याला ठाऊक होतं. त्या मापाचं माणूस शाळेतही जात नसतं.

"दुकानं दहाला उघडतात," व्होंड्राकबाई म्हणाल्या. "पण तुमचं पोट… म्हणजे, तयार मापात जरा अवघडच. थांबा, शेस्टाकला विचारते."

शेस्टाक हा तिथला मुख्य वेटर. साठीचा, उंच, आणि आयुष्यात एकदाही न हसता सूप वाढत आलेला. त्याने पोल्डीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, शिंप्यासारखं.

"आमचा योहान तापाने घरी पडलाय," तो म्हणाला. "त्याचा कामाचा सूट वर कपाटात आहे. काळाच आहे. पोटाचं मापही जुळेल."

"वेटरचे कपडे घालून भावाच्या मातीला जाऊ?"

"पायजम्यापेक्षा बरे. वर ओव्हरकोट घाला, कोणाला कळतंय?"

बोलणं बरोबर होतं. फक्त कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली योहानकडे. यास्ना धावत त्याच्या घरी गेली. तापाने फणफणलेल्या योहानने उशीखालून काढून जी किल्ली तिला दिली, ती त्याच्या सायकलची निघाली. दहा वाजायला पाच मिनिटं होती. पोल्डीने चाळीस वर्षं लाकूड कापायच्या गिरणीत काढली होती. त्याने स्क्रूड्रायव्हर मागितला, आणि पायजम्यात, चौथ्या मजल्यावरच्या नोकरांच्या बोळात गुडघे टेकून कपाटाचं दार बिजागऱ्यांसकट उपटलं. व्होंड्राकबाईंनी दुसरीकडे तोंड फिरवलं.

सूट बसला. बाह्या दोन बोटं आखूड, पँटच्या दोन्ही बाजूंनी चमकदार पट्टी, जॅकेट कमरेपर्यंतच. पोल्डीने ओव्हरकोट गळ्यापर्यंत बंद केला आणि ट्राम पकडली. चौथ्या थांब्याच्या अलीकडे एक बिअरचा ट्रक रुळांवर आडवा बंद पडला होता. ट्रामचालक खाली उतरून ट्रकवाल्याशी भांडत होता, ट्रकवाला ट्रामचालकाशी, आणि आत बसलेल्या म्हाताऱ्या या दोघांशीही. पोल्डी उतरला आणि नोव्हेंबरच्या पिरपिरत्या पावसात चालत सुटला. वाटेत त्याने भाषण आठवून पाहिलं. चांगले शब्द सगळे विसरले होते. मधलं वाक्य तेवढं पाठ होतं.

दफनभूमीत पोचला तेव्हा शवपेटी खाली गेली होती. पाद्रीबाबा पुस्तक मिटत होते. लोक रांगेने येऊन लहानशा फावड्याने माती टाकत होते, आणि पोल्डी रांगेच्या शेवटी उभा राहिला. त्याची पाळी आली. त्याने खड्ड्यात पाहिलं. ओल्या फुलांखाली पेटी फारच अरुंद दिसत होती. एगोन तर लहानपणी एकट्याने अख्खा पलंग अडवायचा. पोल्डीने माती टाकली. पुढे काळ्या टोपीतली एक ठेंगणी बाई सगळ्यांचा हात हातात घेत होती. हीच रोझविता असणार.

"मी…" पोल्डी म्हणाला.

"आलात, बरं वाटलं," ती न पाहताच म्हणाली. सगळ्यांना तेच म्हणत होती. "जेवायला या हां. 'राखी बगळ्या'त." मागून कोणीतरी छत्रीने ढोसलं आणि पोल्डी पुढे सरकला.

जेवण होतं त्याच भोजनगृहात, त्याच हरणांखाली. चौतीस माणसं. पोल्डीने दारातच ओला ओव्हरकोट काढला, आणि खुंटीला अडकवून मागे वळतो तो एका बाईने आपली छत्री त्याच्या हातात ठेवली.

"नीट वाळत घाला हं. दांडी चांदीची आहे."

पोल्डीने छत्री वाळत घातली. तेवढ्यात दुसऱ्याने त्याच्या हातात टोपी दिली. तिसरा म्हणाला, "वेटर, मला सूप आधी. माझ्या गोळ्या जेवणाआधीच्या आहेत."

शेस्टाक घाईने पुढे आला. "साहेब, तुमची जागा तिकडे आहे, बाईंच्या शेजारी. नावाची चिठ्ठी ठेवलीय."

पोल्डीने पाहिलं. रोझविताच्या उजव्या हाताला एक खुर्ची रिकामी होती. आता तिथे जाऊन काय सांगायचं? की मी तुमचा दीर, सख्ख्या भावाच्या मातीला उशिरा पोचलो, भाषण टेबलक्लॉथांबरोबर उकळतंय, आणि हे कपडे योहानचे आहेत?

"आणा तो ट्रे," तो शेस्टाकला म्हणाला.

"अहो, पण तुम्ही पाहुणे…"

"तुमचा माणूस तापाने पडलाय ना? मग आणा इकडे. बोलत नका बसू."

शेस्टाकने क्षणभर विचार केला. चौतीस माणसं आणि आपण एकटे, हा हिशोब त्याला पटकन सुटला. "डावीकडून वाढायचं," तो म्हणाला. "आणि अंगठा सूपमध्ये बुडवायचा नाही."

पोल्डीने सूप वाढलं, यकृताचे गोळे घातलेलं. नंतर उकडलेलं बीफ आणि तिखट मुळ्याचा कीस वाढला. आईला तीन वर्षं भरवलेल्या हाताला वाटी सांभाळणं जड नव्हतं. आणि वेटरकडे कोणी बघत नाही, ही गोष्ट त्याला फार बरी वाटली. रडू आलं तर भांड्यावर वाकता येत होतं. फक्त ती खुर्ची तेवढी टाळून तो फिरत होता. पण अखेर बटाट्यांची परात घेऊन त्याला तिकडे जावंच लागलं.

रोझविताच्या समोर ट्राटनिग नावाचा लालबुंद गृहस्थ बसला होता; एगोन ज्या क्लबात दर गुरुवारी खेळायला जायचा तिथला अध्यक्ष.

"नाहीच आला शेवटी भाऊ?" ट्राटनिगने रिकाम्या खुर्चीकडे काटा रोखला.

"खोलीत उतरलाय म्हणे कालपासून," रोझविता म्हणाली. "इथवर आला आणि खाली उतरला नाही."

"असा राग तरी कसला?"

"मांजराचा."

बटाट्यांची परात हवेतच थांबली.

"आईच्या मातीच्या दिवशीची गोष्ट," रोझविता सांगू लागली. "एगोन गाडी मागे घेत होता, भावाच्या अंगणात. भावाची मांजर चाकाखाली आली. एवढी लाडकी होती म्हणे. एगोन घाबरला. आधीच आई गेलेली, त्यात हे कसं सांगायचं? त्याने शेडच्या मागे कुंपणालगत तिला पुरलं, हात धुतले आणि तसाच येऊन भाषणाला उभा राहिला. काय बोलला ते त्याचं त्यालाही नंतर आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून भाऊ बोलेनासा झाला. एगोन म्हणाला, याला कळलं. नऊ वर्षं मनाला लावून घेतलं हो त्याने. दर नाताळात माफीची चिठ्ठी लिहायचा आणि फाडायचा."

पोल्डीच्या डोळ्यांसमोर गावातले विजेचे खांब आले. महिनाभर त्याने त्या प्रत्येक खांबावर कागद चिकटवले होते: तांबूस मांजर, डावा पाय पांढरा. शेवटी त्याने ठरवून टाकलं होतं की हे काम शेजारच्या पिर्करचं. पिर्करला मांजरं आवडायची नाहीत. पोल्डीने पिर्करशीही बोलणं टाकलं होतं. पिर्कर चार वर्षांपूर्वी वारला. त्याच्या मातीलाही पोल्डी गेला नव्हता.

"एका मांजरापायी!" ट्राटनिगने टेबलावर मूठ आपटली. "सख्ख्या भावाच्या मातीला येत नाही! माणूस आहे का कोण आहे? वेटर, बटाटे द्या की, उभे काय राहिलात?"

"मांजरापायी नाही!" पोल्डी ओरडला.

टेबलावरचे काटे थांबले. कोपऱ्यात शेस्टाकने डोळे मिटून घेतले.

"मांजरापायी नाही," पोल्डी हळू म्हणाला. "मांजराचं मला आज कळतंय."

रोझविताने मान वर करून पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या कपाळाकडे, जाड भुवयांकडे, एका बाजूला वाकलेल्या नाकाकडे. तिचा हात तोंडावर गेला.

"मग कशापायी?" तिने विचारलं.

पोल्डीने तोंड उघडलं. कारण जिभेच्या टोकावर होतं; नऊ वर्षं त्याने ते रोज घासूनपुसून ठेवलेलं होतं. पण चौतीस माणसांसमोर, हातात बटाट्यांची परात धरून, ते भलतंच लहान दिसायला लागलं.

"आठवत नाही," तो म्हणाला.

मग रोझविताने त्याच्या आखूड बाह्यांकडे पाहिलं, पँटच्या पट्टीकडे पाहिलं.

"एगोन सांगायचा, तुम्ही लाकडाच्या गिरणीत होतात."

"होतो."

"मग हे?"

"सूट धुवायला गेलाय."

तिच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. ट्राटनिग पाण्याचा ग्लास घेऊन उठला, पण ती हसत होती. हसता हसता तिने पोल्डीच्या हातातली परात काढून ट्राटनिगच्या हातात दिली, शेजारची खुर्ची मागे ओढली, आणि मग मात्र रडायला लागली. पोल्डी बसला. काय करावं हे न सुचून त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. योहानची बाही कोपरापर्यंत वर सरकली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बसली होती. तिला कमी ऐकू यायचं. "वेटर!" ती ओरडली. "पाव संपलाय इकडे!"

पोल्डी सवयीने अर्धा उठला.

"बसा तुम्ही," रोझविताने नाक पुसलं. "ट्राटनिग, बटाटे झाले की पाव पण घेऊन जा."

शेस्टाकने न सांगता पोल्डीपुढे सूप आणून ठेवलं. डावीकडून. सूप गार झालं होतं. पोल्डीने ते सगळं प्यायलं, चमचा खाली ठेवला आणि विचारलं,

"शेडच्या मागे म्हणालात ना? कुंपणालगत?"

"हो. तसंच सांगायचा तो. का?"

पोल्डी रिकाम्या थाळीकडे बघत राहिला.

"काही नाही," तो म्हणाला. "तिथे मी टोमॅटो लावतो. दर वर्षी पिर्कर कुंपणापलीकडून विचारायचा, खत कुठलं घालतोस म्हणून. मी कधी उत्तर दिलं नाही."