फव्वाजकाकांना दोनशे सोळा आमंत्रणं

मेहुणीच्या लग्नाच्या चारशे पत्रिका हातानं लिहायच्या होत्या. सासऱ्यांनी, म्हणजे अबू हैसमनी, पेनांचा खोकाच आणून माझ्यापुढे ठेवला. मी जॉर्डनमधल्या इर्बिद शहरात एका कंपनीत प्रोग्रामर. मी म्हणालो, "पेनं कशाला? क्लाऊडवर टाकतो. दहा मिनिटांत चारशे मोबाइलवर." (इथेच कुणीतरी माझं तोंड धरायला हवं होतं.)

बेत फक्कड होता. सगळी आमंत्रणं एका रांगेत लावायची. क्लाऊडमधला एकेक कामगार, म्हणजे छोटा प्रोग्राम, पुढचं आमंत्रण उचलणार, पाठवणार, वहीत नाव लिहिणार आणि रांगेला सांगणार, 'झालं'. रांग लांबली की कामगार आपोआप वाढणार. 'झालं' ऐकू आलं नाही, तर गडी मध्येच गचकला असं समजून रांग मिनिटाभरानं तेच आमंत्रण दुसऱ्याच्या हातात देणार.

"वीस कामगारांपर्यंत सोय केलीय," मी बायकोला ऐटीत सांगितलं.

"लग्न एकाच मुलीचं आहे ना?" रुदैना म्हणाली. "बरं, फव्वाजकाकांनाही घाल. बागेच्या कुंपणाच्या वादावरून बाबा अकरा वर्षं सख्ख्या भावाशी बोलत नाहीत, पण लोक नावं ठेवतील. आणि बाप, आजा, पणजा, गाव, सगळं लावून नाव लिही. नाहीतर तोही अपमान. यायचे नाहीतच ते."

शुक्रवारी दुपारी नमाजानंतर बटण दाबलं. दहा मिनिटांत तीनशे नव्याण्णव आमंत्रणं मार्गी लागली. मी दोन ताटल्या मकलूबा, म्हणजे आमचा मटणभात, हाणून आडवा झालो.

साडेचारला उठून पाहतो तर एक कामगार अजून राबतोय. रांगेत एकच आमंत्रण, आणि ते दोनशे सोळा वेळा गेलेलं.

वहीत नावाला मी चाळीस अक्षरांची जागा ठेवली होती. काकांचं नाव भरलं त्रेसष्ट. आमंत्रण जायचं, नाव वहीत मावायचं नाही, कामगार तिथेच कोलमडायचा, 'झालं' म्हणायला उरायचाच नाही; रांग तेच पुढच्याच्या हातात द्यायची. आणि दर खेपेला सासऱ्यांच्या नावानं मजकूर: 'तुझ्याशिवाय या घरात आनंद नाही.'

घाईघाईनं रांग बंद केली, तोवर दारावर थाप. दारात फव्वाजकाका, डोळे लाल. मागे टेम्पोत भेट म्हणून आणलेला मेंढा.

"पहिल्या दहांकडे मी बघितलंच नाही," काका सासऱ्यांना म्हणाले. "पन्नासाव्याला बायको म्हणाली, तुमचा भाऊ शेवटच्या घटका मोजतोय वाटतं. शंभर झाल्यावर मी कपडे केले. वाटेतही येतच होती रे."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. "काय करून ठेवलंस?" रुदैना कानात कुजबुजली.

मग सासरे उठले आणि त्यांनी भावाला मिठी मारली. दोघं म्हातारे दारातच हुंदके देत उभे. "कुंपण तुझ्या बाजूला राहू दे." "नको, तुझ्याच." मलाही भरून आलं. (छातीही जरा फुगली.)

कॉफी घेताना काकांनी विचारलं, "हे मोबाइलचं कुणी जमवलं? हा जावई कॉम्प्युटरवाला ना?"

मी घसा साफ केला.

"छे," सासरे म्हणाले, "एकेक मी माझ्या बोटांनी पाठवलं. याच्यावर सोडलं असतं तर तुला एकदासुद्धा मिळालं नसतं."

रुदैनानं मान डोलावली.