विकतचं रडू

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी घड्याळ लावून मोजलं आणि सांगितलं, "मिनिटाला तीन. माणसाची पापणी मिनिटाला पंधरा वेळा तरी मिटते. तुमची तीनदा मिटली, त्यातली एक माझ्या हातून पेन पडलं म्हणून."

टॉर्च खुर्चीत आणखी ताठ बसला. त्याला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तो सव्वीस वर्षं तपासनीस होता. समोरून पट्टा सरकायचा, पट्ट्यामागे पांढरा दिवा, आणि दिव्यापुढून बाटल्या जायच्या. कुठे बुडबुडा, कुठे चीर, कुठे तोंड वाकडं, ती उचलून बाजूला टाकायची. पापणी मिटली की तीन बाटल्या न बघता सुटल्या, हा त्याचा हिशोब. म्हणून त्यानं पापणी मिटणंच सोडून दिलं होतं. हळूहळू ती सवय घरी आली. बायको, मुलगी, भाजी, पाहुणे, सगळ्यांकडे तो त्याच नजरेनं बघायचा, बुडबुडा शोधत. 'टॉर्च' हे नाव कारखान्यानं त्याच्या पाठीमागे ठेवलं होतं. त्याच्या कानावर ते आलं तेव्हा त्याला तो मानच वाटला.

"डोळे ठणठणीत कोरडे पडलेत," बाई म्हणाल्या. "म्हणून वाळू गेल्यासारखे चुरचुरतात. हे थेंब दर दोन तासांनी. सकाळी कोमट पाण्यात फडकं पिळून शेक. आणि त्या पट्ट्यापुढून उठायचं बघा. तिथंच बसून राहिलात तर थेंब तरी किती पुरे पडणार?"

"या थेंबांत असतं काय?"

"कृत्रिम अश्रू."

"म्हणजे विकतचं रडू?" टॉर्चनं नाक मुरडलं. "बाई, मी आई गेली तेव्हासुद्धा रडलो नाही."

"दिसतंय ते," बाई म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहायला लागल्या.

घरी बायकोनं चिठ्ठी वाचली आणि पदरानं तोंड दाबलं. "कपडेसुद्धा वाळले की माणसं आत घेतात हो. तुम्ही डोळे सव्वीस वर्षं बाहेरच ठेवलेत!"

"दात काढू नकोस. थेंब घाल."

आणि इथे एक नवल घडलं. दिवसभर न लवणारी ती पापणी थेंब दिसला की खटकन मिटायची. पहिला थेंब भुवईवर पडला, दुसरा नाकावर, तिसरा कानात गेला. बायकोनं मान धरली, मुलीनं कपाळ धरलं, तरी पाचातला एक आत जायचा आणि चार गालांवरून ओघळायचे.

"बाबा, तुम्ही थेंबाला घाबरता?" मुलगी म्हणाली.

"मी कुणाला घाबरत नाही. डोळे घाबरतात."

मुलीनं त्याच्या मोबाइलवर दर दोन तासांचा गजर लावून दिला. पण खरी पंचाईत कारखान्यातच होती. तिथला नियम साधा होता. तपासनिसाच्या डोळ्यांना काही झालं की त्याची रवानगी पॅकिंगला. दिवसभर खोक्यांना चिकटपट्ट्या लावायच्या. आणि नेमका येत्या शनिवारी तपासणी खात्याचा साहेब निवृत्त होणार होता. काचेची केबिन, गादीची खुर्ची, ना पट्टा ना दिवा! त्या खुर्चीवर पुढचा हक्क टॉर्चचा होता. ती मिळाली तर डोळे वाचणार होते. शनिवारपर्यंत थेंबांची बाटली कुणाच्या नजरेला पडता कामा नये, एवढंच.

साहेबाविषयी काय सांगावं? अकरा वर्षं तो तपासणी खात्याचा प्रमुख होता आणि अकरा वर्षांत त्यानं एकही बाटली हातात धरून बघितली नव्हती. तो कविता करायचा. रजेचा अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला तो आधी बसायला सांगायचा, मग वही काढायचा. त्यापायी खात्यातली माणसं तापातही कामावर येत. टॉर्चच्या मते तो साहेब म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत एकच मोठा बुडबुडा होता.

बुधवारी साहेबानं सगळ्यांना जमवून सांगितलं, "मित्रांनो, आता शेवटचे चार दिवस." त्याच क्षणी टॉर्चच्या खिशात गजर झाला. तो घाईघाईनं गोदामाच्या रॅकमागे गेला, मान वर केली आणि पाच थेंब सोडले. वळून बघतो तर समोर स्टोअरच्या ताई.

"अगं बाई! दादा, तुम्ही रडताय?"

औषध म्हणावं तर पॅकिंग. बाटली मुठीत दाबून टॉर्चनं नुसती मान फिरवली, आणि तिथंच घात झाला.

"साहेब जाणार म्हणून ना?" ताईंचा आवाज कापला. "आम्ही तुम्हाला दगड समजत होतो हो."

दुपारपर्यंत बातमी भट्टीपर्यंत पोचली. सव्वीस वर्षं टॉर्चकडे कुणी फिरकलं नव्हतं. आता रांग लागली. काम करणाऱ्यापाशी माणसं उभी राहत नाहीत, रडणाऱ्यापाशी चटकन जमतात. कॅन्टीनवाले काका न मागता चहा घेऊन आले. भट्टीवाल्यानं पाठीवर हात ठेवला. "मन मोकळं करा दादा. आतल्या आत कोंडू नका."

"मला काही झालेलं नाही," टॉर्च गुरगुरला.

"तेच म्हणतो मी. असं म्हणणाऱ्यालाच जास्त होतं."

गुरुवारी चार वेळा गजर झाला, चार वेळा तो रॅकमागे गेला आणि चारही वेळा ओल्या गालांनी परत आला. शुक्रवारी खुद्द साहेब पट्ट्यापाशी आला. त्यानं आपला रुमाल टॉर्चच्या हातात ठेवला आणि तोंड फिरवून निघून गेला. टॉर्चनं तो रुमाल दोन बोटांत धरून नाकारलेल्या बाटल्यांच्या टोपलीत टाकला. मनाशी म्हणाला, उद्या संध्याकाळी सुटलो!

शनिवारी निरोपाला मालक आले. पुष्पगुच्छ झाला, भिंतीवरचं घड्याळ देऊन झालं. "आता आपल्या सर्वांचे लाडके..." असं म्हणून स्टोअरच्या ताईंनी टॉर्चकडे हात केला. त्यानं चार ओळींचं साखरेत घोळलेलं खोटं कागदावर लिहून आणलं होतं. तेवढ्यात खिशात गजर वाजला. डोळे तर सकाळपासून पेटलेले. तो पटकन पडद्यामागे गेला आणि थेंबाथेंबानं भागेना म्हणून त्यानं बाटलीच पिळली.

माइकसमोर उभा राहिला तेव्हा जगात नुसतं धुकं होतं. कागद पांढरा दिसत होता, अक्षर एकही दिसत नव्हतं. मालक समोर बसलेले. त्यांच्यादेखत "मला दिसत नाही" म्हणायची सोय नव्हती. टॉर्च कागद धरून उभा राहिला. गालांवरून धारा लागल्या, हनुवटीवरून शर्टात गेल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. शेवटी कागदाची घडी घालून तो जागेवर येऊन बसला.

टाळ्या थांबेनात. भट्टीवाला हुंदके देत होता. मालकांनी चष्मा काढून पुसला. "इतकी वर्षं भाषणं ऐकली," ते म्हणाले, "पण असं भाषण ऐकलं नाही."

मग साहेब उठला. "मालकांनी मला आणखी दोन वर्षं थांबा म्हटलं होतं. मी नाही म्हणालो. मला वाटायचं, इथं माझं कुणी नाही. मी केबिनमधून बघायचो, माणसं माझ्या दारावरून वाकून जायची, मला दिसू नये म्हणून." सभागृहात काहीजणांनी खाली बघितलं. "पण आज कळलं. मालक, मी थांबतो! आणि त्या केबिनमध्ये एकटा कुढत बसणार नाही. माझी खुर्ची पट्ट्यापाशी टाका. ह्याच्या शेजारी. दिवसभर."

टॉर्चच्या छातीत काहीतरी कळ आल्यासारखं झालं. ओठ वाकडा झाला आणि डोळ्यांतून गरम, खारट, अगदी फुकटचं पाणी घळाघळा वाहू लागलं. यावेळी बाटली खिशात होती आणि तिला बूच होतं.

"बघा, बघा," स्टोअरच्या ताई शेजारणीला म्हणाल्या, "आनंदाश्रू."

महिन्याभरानं डॉक्टरीणबाईंनी पुन्हा घड्याळ लावलं, दिव्याचा झोत पाडला, खालची पापणी ओढून बघितली.

"कमाल आहे! पापणी मिनिटाला सतरा वेळा मिटतेय. डोळा छान ओला आहे. थेंब वेळेवर घातलेत वाटतं."

"थेंब कधीच संपले. दुसरी बाटली आणली नाही."

"मग? पट्ट्यापुढून उठलात?"

"नाही. शेजारी साहेब बसतो. कविता वाचतो. सकाळी आठपासून."

"रडू येतं?"

"जांभया येतात," टॉर्च म्हणाला. "एक संपली की दुसरी. डोळे मिटतात, पाणी येतं. बुडबुडेवाल्या बाटल्या डोळ्यांदेखत वाजतगाजत पुढे जातात."

बाईंनी चिठ्ठीवरचं औषध खोडलं. "मग काहीही घेऊ नका. फक्त हे बंद पडू देऊ नका. किती दिवस चालेल?"

"दोन वर्षं."

"उत्तम!"

टॉर्चनं त्यांच्यावर डोळे वटारले, पूर्वीसारखे, दिव्यापुढे बाटली धरावी तसे. पण ते वटारणं फार टिकलं नाही. उद्याचा सोमवार आठवला, आणि त्याला जांभई आली.