चार माणसांची येसर आमटी

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला स्वयंपाक येतो! म्हणजे तोपर्यंत कधी केला नव्हता, पण येतो याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. दहावीच्या सहामाहीत बीजगणितात वर्गात पहिली आलेल्या मुलीला आमटी काय अवघड? बीजगणितात निदान क्ष शोधावा लागतो. आमटीत सगळं डब्यांत भरून समोर मांडलेलं असतं!

विषय निघाला तो असा. माझी मोठी बहीण राजेश्री, म्हणजे पप्पांची राजू, परभणीत खोली करून राहते आणि पोलीस भरतीची तयारी करते. पुढच्या वर्षी अकरावीला मलाही तिच्या खोलीवर जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, मी तर मनातल्या मनात खिडकीजवळची जागासुद्धा धरली होती.

पप्पा म्हणाले, "निकिता, खोलीवर हातानं करून खावं लागतंय. राजूनं भरतीसाठी पळायचं का तुला वाढायचं? पूर्णेच्या कॉलेजला जा की एसटीनं. संध्याकाळी घरी."

"मला येतो स्वयंपाक!"

आईला भाकरी थापता थापता असं हसू फुटलं की परातीतलं पीठ उडून तिच्याच भुवयांवर बसलं.

"ठीक हाय," पप्पा म्हणाले. "येत्या रविवारी दुपारचं जेवण तू करायचं. एकटीनं. चार माणसांचं. मी, तुझी आई, तू आन् चांगुणाआत्या. आत्यानं पास केलं तर परभणी. न्हाईतर पूर्णा."

चांगुणाआत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण, मागच्याच गल्लीत राहते. आमच्या ताडकळस गावात कुणाच्या लग्नात नवरीनं कोणतं लुगडं नेसलं होतं हे लोक विसरतात, पण कुठल्या पंगतीतल्या वरणाला आत्या 'गढूळ पाणी' म्हणाली होती, ते दहा-दहा वर्षं कुणी विसरत नाही.

पण मी डगमगले नाही. आत्याचा जीव कशात अडकलाय हे मला माहीत होतं. येसराच्या आमटीत! येसर म्हणजे गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, मिरे असं सगळं भाजून केलेलं पीठ. आमच्याकडं लग्न ठरलं की आधी येसर दळतात, पत्रिका नंतर छापतात. आमच्या गल्लीत येसराच्या आमटीचा वास सुटला तर कुणी 'काय केलंय?' असं विचारत नाही. थेट 'कुणाचं ठरलं?' असंच विचारतात. हे मला ठाऊक होतं. त्या रविवारी तेवढं आठवलं नाही, इतकंच.

मावसभावाच्या लग्नातलं येसर बरणीभर उरलं होतं. म्हटलं, झालं काम!

रविवारी सकाळी पप्पा आईला गाडीवर बसवून शेतात घेऊन गेले. "न्हाईतर ही मधी हात घालंल," म्हणाले. जाता जाता स्वतःचा मोबाइल चार्जिंगला लावून घरीच विसरले. आई फाटकातून ओरडली, "येसर बेतानं टाक गं!"

बेत! बेत म्हणजे किती? ग्रॅममध्ये की मिलिलिटरमध्ये? असल्या मोघम भाषेमुळंच आमच्या घरात कुणाला गणित येत नाही. मी माझा हिशेब केला. माणसं चार, म्हणून वाट्या चार.

फोडणी तर काय सुरेख झाली! लसूण तडतडला, जिरं उडालं, मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. उकळत्या पाण्यात चार वाट्या येसर धाडकन ओतलं आणि भाताचे तांदूळ धुवायला वळले. परत बघते तर पातेल्यात आमटी नव्हतीच. भिंतीला लावायचा गिलावा होता! पळी उभी केली तर ती तशीच उभी राहिली, झेंड्याच्या काठीसारखी.

मी पाणी घातलं. गुठळ्या फोडल्या. पातळ झाली, पण चव गेली. म्हणून येसर घातलं. मग घट्ट झाली. म्हणून पाणी. मग फिक्की. म्हणून येसर. तुम्ही म्हणाल, थांबायचं ना! अहो, मी थांबत होतेच. आमटी थांबत नव्हती! येसर म्हणजे भाजलेलं पीठ, ते शिजेल तसं फुगतं, हे मला कुणी सांगितलं होतं? छोटं पातेलं भरलं, मोठं पातेलं भरलं, कुकर भरला. दहा वाजता मी आंघोळीच्या बादलीकडं बघायला लागले आणि मलाच माझी लाज वाटली.

तशीच पळत शेजारच्या सुलाकाकूंकडं गेले. सुलाकाकूंकडं एक पितळी भगुणं आहे. इतकं मोठं की त्यात बसून मी लहानपणी होडी होडी खेळलेय. ते भगुणं एरवी माळ्यावर असतं. कुणाच्या घरी लग्नकार्य असलं तरच खाली उतरतं.

"काकू, भगुणं पाहिजे होतं."

काकूंनी आधी माझ्याकडं बघितलं. मग हवा हुंगली. मग डोळे एवढे मोठे केले!

"अगं बाई! येसर? तुमच्याकडं?"

"हो, पण काकू, पाया पडते, कुणाला सांगू नका. आत्याला तर बिलकुल नको. तिला एक वाजता एकदमच कळू दे."

म्हणजे माझं म्हणणं, आमटीचा असा समुद्र झालाय हे आत्याला कळू नये. तोवर मी काहीतरी करून आटवीनच.

काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "माझ्या तोंडातून एक शब्द जायचा न्हाई, बाळा!"

आणि काकू शब्दाला पक्क्या निघाल्या. तोंडातून एक शब्द गेला नाही. त्यांनी मोबाइलवर स्टेटस ठेवलं! दोन अंगठ्या, एक गुलाब आणि खाली, 'आमच्या गल्लीची लेक राजेश्री हिचं ठरलं. येसराचा वास सुटला.'

मला काय माहीत! मी इकडं भगुण्यात पळी फिरवत होते, नावाडी वल्हं मारतो तशी.

साडेदहाला पप्पांचा मोबाइल वाजला. मानवतचा गोपाळमामा. मामी सुलाकाकूंच्या माहेरची, म्हणजे स्टेटस आधी तिथंच पोचलं.

"निकिता, दाजी कुठं हायत?" मामानं थेटच विचारलं.

"शेतात गेलेत, मामा."

"घरी काय चाललंय आज? खरं सांग."

"येसराची आमटी केलीय."

"किती माणसांची?"

मी भगुण्यात वाकून बघितलं. खोटं कशाला बोलायचं? "पन्नास तरी जेवतील, मामा."

"बरं. मामाला सांगितलं न्हाई तरी मामा येतोय. मामाचा मान मामाला कळतो!" आणि फोन कट.

मला वाटलं, मामाला आमटी फारच आवडत असावी.

पाचच मिनिटांत राजेश्रीताईचा फोन. ताई पळून आल्यावर जशी धापा टाकते तशी टाकत होती.

"मी विचारते तेवढंच सांग. घरी येसर शिजायलंय का न्हाई?"

"शिजायलंय, पण..."

"सुलाकाकूचं भगुणं आणलंय?"

"आणलंय, पण ताई..."

"मामा निघालाय?"

"निघालाय, पण त्याचं असं झालं..."

"पप्पांनी मला जबान दिलीती! भरती होईस्तोवर स्थळ बघणार न्हाई म्हणून! थांब, मीच येते!"

कट! आणि तेव्हा, वाचकहो, माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. येसर. भगुणं. मामा. ताई. मी ताईला परत फोन लावायला धावले, तर भगुण्यातली आमटी उतू जाऊन सरळ गॅसवर! गॅस विझला, माझ्या हातातून मोबाइल सटकला, आणि तो कुठं पडला हे सांगायलाच पाहिजे का?

बुडबुडे आले. मग तेही थांबले. मोबाइल पळीनं बाहेर काढला, पण तो मेलेला; गॅस तेवढा पुन्हा पेटला.

साडेबारापासून माणसं यायला लागली. गल्लीतल्या बाया हळदी-कुंकवाचे करंडे घेऊन. "मुलगा काय करतो?" "शेती किती?" "नोकरी सरकारी हाय ना?" मी प्रत्येकीला सांगत होते, "अहो, तसं काही नाही!" आणि सगळ्या एकमेकींकडं बघून म्हणत होत्या, "बगा, पोरीलाबी गप राहायला सांगितलंय!"

एक वाजता चांगुणाआत्या आली. अंगणात तीस माणसं बघून ती फाटकातच थबकली. आत येईना. फाटकाची कडी हातात धरून उभी.

"मला जेवायला बोलावलं म्हणून आले. आता कळलं कशाला ते. सख्ख्या आत्याला सगळ्यात शेवटी! माझा भाऊ दत्ता मोठा झाला बाबा!"

"आत्या, आत तर ये..."

"मी पाणीबी घेणार न्हाई!"

झालं! परीक्षक पेपर न तपासताच घरी निघाला होता. खिडकीजवळची माझी जागा माझ्या डोळ्यांसमोरून एसटीत बसून पूर्णेला निघाली.

तेवढ्यात फटफटीवर मामा. डोक्याला फेटा, काखेत आहेराची पिशवी, डोळ्यांत पाणी. आणि त्याच्या मागोमाग पप्पा आणि आई, गाडीवर कडब्याची पेंढी आडवी घेऊन. मामानं पेंढीसकट पप्पांना मिठी मारली.

"दाजी! मला परका केला!"

"अरे, काय झालं? कोण गेलं?" पप्पा पांढरे पडले.

कुणीतरी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. कुणीतरी आईच्या तोंडात साखर घातली. आई साखर चघळत विचारायलीय, "कशाची गं? कशाची?"

सगळे पप्पांकडं बघायलेत, पप्पा आईकडं, आई माझ्याकडं. माझ्या हातात पळी. पळीतून येसर टपटप पायावर.

गप्प बसावं असं क्षणभर वाटलं. खरंच वाटलं. पण मग मामाच्या पिशवीतनं डोकावणारा टॉवेल बघितला, नवाकोरा, किमतीची चिठ्ठीसुद्धा न काढलेला. आणि मी डोळे मिटून ओरडले,

"कुणाचं लग्न नाही! आमटी जास्त झालीय!"

घरात भगुणं रटरटत होतं.

"जास्त म्हणजे?" आईनं विचारलं.

"आई, तू बेतानं म्हणालीस! मी चार वाट्या टाकल्या!"

"चार वाट्या?" आईनं कपाळावर हात मारला. "चार चमचे लय झाले असते की गं!"

"मंग माझं स्टेटस?" सुलाकाकू.

पहिलं हसू कुणाला फुटलं असेल? चांगुणाआत्याला! आधी खांदे हलले, मग कडी हलली, मग अख्खं फाटक खडखडायला लागलं. "चार... वाट्या!" म्हणत ती पदर तोंडाला लावून आत आली आणि ओट्यावर बसलीच.

पप्पांनी कपाळावरचं कुंकू पुसलं नाही. म्हणाले, "आता आलातच तर बसा सगळे. दारातून उपाशी कोणी जायचं न्हाई."

भात निघाला चार माणसांचा. भाकरी निघाल्या पाच. त्यातली एक कच्ची, एक जळलेली आणि एक अशी कडक की मामानं तिच्यावर टिचकी मारून ताल धरला. पण बाया उठल्या, आपापल्या घरी गेल्या आणि आपापलं रविवारचं जेवण उचलून घेऊन आल्या. कुणाच्या भाकरी, कुणाची मेथी, कुणाची शेंगदाण्याची चटणी, सुलाकाकूंची भरली वांगी. कडब्याच्या पेंढीशेजारी पंगत बसली. माझ्या आमटीच्या द्रोणावर द्रोण जायला लागले.

पंगत अर्ध्यात असताना फाटकात जीप थांबली. ताई! ग्राउंडवरूनच आलेली, ट्रॅक पँट, बूट, कमरेवर हात.

"कुठं हाय तो?"

"कोण?"

"नवरा!"

आत्यानं तिच्या हातात आमटीचा द्रोण दिला. "ह्यो बग. गरम हाय, फुंकून घे."

सगळा प्रकार कळल्यावर ताईनं माझी वेणी एकदा जोरात ओढली आणि मग सलग तीन द्रोण प्यायली. पळणाऱ्या माणसाला भूक लागते.

शेवटी पप्पा म्हणाले, "आक्का, सांग. पोरगी पास का नापास?"

आत्यानं बोट चाटलं. आभाळाकडं बघितलं. परत बोट चाटलं.

"येसर झकास. फोडणीबी झाली. पण मीठ कुठाय?"

मीठ! चारदा पाणी, पाचदा येसर, आणि मीठ एकदाही नाही! तीस माणसं गपचूप जेवत होती. पप्पांनी आग्रहानं बसवलेली, नाव कशाला ठेवतील?

"तरीबी," आत्या पुढं बोलली, "भगुणं रिकामं झालं. अळणी आमटीचं भगुणं मी जल्मात रिकामं झालेलं बघितलं न्हाई. पोरीला पन्नासाचा सैपाक येतो. चारांचा येत न्हाई. आन् राजूच्या खोलीवर पन्नास माणसं मावत न्हाईत."

ताई म्हणाली, "माझा गॅसच एका शेगडीचा हाय!"

निकाल असा लागला: फेरपरीक्षा. पुढच्या रविवारी पुन्हा. माणसं चारच. परीक्षक त्याच. मीठ सक्तीचं. सुलाकाकूंनी ते स्टेटस काढून नवं ठेवलं, 'चुकीबद्दल माफी. आमटी छान होती.' त्यावर मात्र कुणी काही बोललं नाही.

आज तो रविवार. मी हे लिहायलेय ते गॅसशेजारी ओट्यावर बसून. मीठ आधी घातलंय. येसर मोजून चार चमचे. परभणी आता फक्त एका उकळीवर आहे! सुलाकाकू दोनदा भिंतीवरून डोकावून गेल्या, भगुणं काढू का म्हणून. मी म्हटलं, काकू, त्याची गरजच नाही. आता मला बेत कळलाय.

थांबा हं. जरा घट्ट दिसायलीय. एवढं थोडंसं पाणी घालून आलेच.