चारशे अकरा नोटिसा

“आठ दिवसांत अख्खं वाचनालय या डब्यात घालून दाखवतो!” असं म्हणत पितांबर नानांनी नव्या कॉम्प्युटरच्या पाठीवर थाप मारली. म्हशीच्या पाठीवर मारावी तशी! डबा थरथरला. वाचनालयाचे अध्यक्ष भाईदास वकीलही थरथरले. नाना मात्र ठाम!

भडगावच्या गिरणाकाठ वाचनालयात नाना बत्तीस वर्षं ग्रंथपाल होते आणि बत्तीस वर्षं दारावरची ‘ब वर्ग’ ही पाटी वाचत आत येत होते. मेअखेर ते निवृत्त होणार होते. त्याआधी त्या पाटीवर ‘अ’ बघायचा, एवढीच त्यांची इच्छा. शनिवारी तपासणीला साहेब येणार होते. कॉम्प्युटर चालू दिसला आणि पुस्तकांची मोजदाद नोंदवहीशी जुळली, की झालं!

डबा चालवायला शहजादी आली. जळगावला कोर्स केलेली मुलगी. कढईत फुटाणे उडावेत तशी तिची बोटं चालायची. सभासदांची कार्डं ती एकेक करून आत घालू लागली. पुस्तक नेलं की कार्डावर नाव लिहायचं, परत आलं की त्यावर रेघ मारायची, असा नियम. दुसऱ्याच दिवशी ती थबकली.

“नाना, कार्डांवर रेघा कुठे आहेत?”

“रेघ कशाला? कोणाचं परत आलं, कोणाचं नाही, सगळं मला पाठ आहे.”

“पण कॉम्प्युटरला कसं कळणार?”

“कळेल हळूहळू. नवीन आहे तो!”

गुरुवारी शहजादीने बटण दाबलं. प्रिंटर करवतीसारखा किंचाळायला लागला आणि कागदाची पट्टी टेबलावरून उतरून थेट उंबऱ्यापर्यंत गेली. चारशे अकरा नोटिसा! ‘पुस्तके त्वरित परत न केल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ नाना त्या छापील अक्षरांकडे लेकाच्या लग्नपत्रिकेकडे बघावं तसे बघत राहिले. मजकूर वाचायचं भान कोणाला! वकिलांनी चहा पीत, गप्पा मारत चारशे अकरा सह्या ठोकल्या. संध्याकाळपर्यंत नानांनी सायकलवरून सगळ्या वाटूनही टाकल्या.

शुक्रवारी वाचनालय उघडायच्या आधीच द्रौपदाबाई पायरीवर उभ्या!

“नाना, मी चोर शे का? सत्तावीस पुस्तकं मनाकडे? मना घरमा सत्तावीस भांडा बी नहीत!”

“अक्का, तुम्ही सगळी परत केलीत. मला माहीत आहे ना.”

“मंग कागद का धाडा? बठ्ठा गावमा मनी इज्जत गई!”

तेवढ्यात वकील आले. त्यांच्या नावावर त्रेसष्ट पुस्तकं. “नाना, माझ्या सहीने मलाच नोटीस? आता मी कोणाकडे जाऊ?”

रागावलेले असे भांडून गेले. पण घाबरलेले लोक घराला भिडले! माळे उपसले, पेट्या उलथल्या, खाटेच्या पायाखालची पुस्तकंही निघाली. कोर्टकचेरी नको म्हणून जे हाताला लागलं ते लोकांनी आणून टाकलं. कपाटं भरली, खिडक्या भरल्या, पाणी प्यायच्या माठावरसुद्धा कादंबरी! वर्षानुवर्षं हरवलेली पुस्तकं एकामागून एक परत येताना बघून नानांना आभाळ ठेंगणं झालं.

“नाना, यांतल्या कित्येकांवर आपला शिक्काच नाही,” शहजादी म्हणाली.

“राहू दे, राहू दे! कमी भरली तर पंचाईत. जास्त भरली तर कोण विचारतंय?”

धनसिंग साहेबांनी विचारलं. शनिवारी त्यांनी दोनदा मोजदाद केली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा केली.

“नोंदवहीत नऊ हजार दोनशे चौदा. इथे नऊ हजार तीनशे शहाऐंशी. आणि तुमचा कॉम्प्युटर म्हणतो, यांतली तीन हजार पुस्तकं लोकांच्या घरी आहेत! मग ही समोर बसलीत ती कोण?”

“साहेब, वाचनालय वाढतंय,” नाना म्हणाले.

साहेबांनी एक पुस्तक उघडलं. शिक्का साक्रीच्या शाळेचा. दुसऱ्यावर जामनेरचा. “कमी पुस्तकांची वाचनालयं वीस वर्षं बघतोय, नाना. दरोडा घातल्यासारखं हे पहिलंच!”

पंधरवड्याने पत्र आलं. ‘ब वर्ग कायम. जास्तीची एकशे बहात्तर पुस्तके ज्याची त्यास परत करून मेअखेरपूर्वी फेरतपासणी मागावी.’

म्हणजे अजून आशा होती! नानांनी सायकलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवल्या आणि दारोदार निघाले. पण पुस्तकाला हात लावायला कोणी तयार होईना! द्रौपदाबाईंनी तर त्यांना बघताच दार ओढून घेतलं.

“अक्का, हे तुमच्या घरचंच आहे. एवढं घ्या.”

“नको! आज तुम्ही पुस्तक देशात, उद्या कागद धाडशात!” दाराआडून उत्तर आलं.

नाना दमून त्यांच्या ओट्यावर बसले. मेचे चारच दिवस उरले होते आणि पिशव्या भरलेल्या होत्या. हातातलं पुस्तक कोंबडीपालनावरचं होतं. बसल्या बसल्या नाना ते वाचायला लागले. सवयीने, थोडं मोठ्याने. “आजारी कोंबडी ताबडतोब वेगळी ठेवावी...”

दार किलकिलं झालं.

“मंग?”

नानांनी झटकन पुस्तक पुढे केलं. द्रौपदाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

“वाचा, वाचा. पन मना हातमा देऊ नका!”